सामान्य लोक विंडोज सोडून लिनक्ससारख्या मुक्तस्रोत प्रणालीकडे वळतील का?

नाही वळणार. आपण होऊन तर नाहीच. पण विंडोजकडे तरी कोण आपण होऊन गेलं होतं? कॉम्प्युटर जोडून देणाऱ्याने जे घालून दिलं ते आपण वापरलं. (लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली, पण फुकट, आणि मुक्तस्रोत म्हणजे तिचा कोड सगळ्यांना खुला.)

तुम्ही लिहिलंय की तुमचा २०१६ चा लॅपटॉप विंडोज ११ घेत नाही, विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, मग ‘आता तरी’ लोक लिनक्स घेतील का. हे ‘आता तरी’ एप्रिल २०१४ मध्ये एक्सपीचा, म्हणजे विंडोजच्या जुन्या आवृत्तीचा, आधार संपला तेव्हाही झालं होतं. त्याच्या पाच वर्षं आधी मी स्वतः ते बोललो होतो, आणि त्याचे पैसे माझ्या थोरल्या भावाने मोजले. असं भाऊ म्हणतो. माझं म्हणणं वेगळं आहे. हा वाद आमच्या घरी अजून मिटलेला नाही, त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या निमित्ताने सगळं एकदा लिहूनच टाकतो.

बार्शीत एसटी स्टँडजवळ दादाचं डीटीपी (कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवायचं काम) आणि झेरॉक्सचं दुकान. २००९ चा एप्रिल. मला कॉलेजातून नोकरी लागलेली, पण मंदीमुळे कंपनीने रुजू होण्याची तारीख पुढे पुढे ढकललेली, म्हणून मी घरी बसून. उबुंटू ही लिनक्सचीच एक आवृत्ती. उबुंटूवाले तेव्हा जगभर फुकट सीडी पाठवायचे, टपालखर्चसुद्धा घ्यायचे नाहीत. माझ्याकडे ८.१० च्या पाच सीडी आल्या होत्या, सोबत स्टिकर. ते स्टिकर मी देवघराच्या कपाटालाही लावले होते, त्यावरून आईची बोलणी खाल्ली.

दुकानातल्या कॉम्प्युटरवर एक्सपी होता, अर्थातच चोरीचा. गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह दिवसभर लागायचे आणि त्यातून ‘न्यू फोल्डर’ नावाचं ते भूत, म्हणजे व्हायरस, यायचं. दिसायला फोल्डर, नावाच्या शेवटी एक्सई, म्हणजे उघडलं की चालू होणारा प्रोग्राम. ऑर्कुट ही तेव्हाची सोशल साइट उघडली की ‘ऑर्कुटवर बंदी आहे, मूर्खा’ अशी पाटी आणि तिच्यात राक्षसी हसू लिहिलेलं. महिन्या-दोन महिन्यांनी एकाला बोलवायचं, तो तीनशे रुपये घेऊन फॉरमॅट मारून जायचा. दादा वैतागलेला होता. मी म्हणालो, एक रात्र दे मला. आणि त्या रात्रीत उबुंटू घातलं.

सकाळी दादा खूश झाला, हे तो आता कबूल करत नाही. पेनड्राइव्हमधलं भूत नुसतं फाइल म्हणून पडून राहिलेलं, काही करू शकत नव्हतं. एक्सपीवर मराठी वेबसाइटची जोडाक्षरं नीट दिसायची तर मूळ सीडी शोधा, ती घाला, सेटिंगमध्ये टिक करा, असले सोपस्कार होते. इथे वर्तमानपत्र उघडलं आणि मराठी दिसलं. मी कॉलर ताठ करून चहा पीत होतो.

मग दहाला वहिनी आल्या.

दुकानाचं खरं काम वहिनी करतात. दादा गिऱ्हाईक बघतो आणि झेरॉक्स मारतो. वहिनींनी लग्नाआधी टाइपरायटरवर मराठी ३० आणि ४० (मिनिटाला इतके शब्द) या दोन्ही परीक्षा दिलेल्या, रेमिंग्टनचा कीबोर्ड त्यांच्या बोटांत बसलेला. उबुंटूत मराठीसाठी इनस्क्रिप्ट हा वेगळ्या मांडणीचा कीबोर्ड होता. इनस्क्रिप्ट चांगला आहे, सरकारी मानक आहे, स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला, हे सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “भावजी, दिसायला छान आहे हो, पण माझा ‘ल’ कुठे गेला?”

त्यानंतर जुन्या फाइली. लग्नपत्रिका कोणी कोऱ्या पानावर करत नाही. मागच्या वर्षीची उघडायची, चि. आणि चि. सौ. कां. बदलायचे, मामा-आत्यांची यादी बदलायची, किलबिलमधली पोरं बदलायची. या सगळ्या फाइली पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपीच्या जुन्या फाँटात. ज्यांनी हे काम केलंय त्यांना सांगायला नको, त्या फाइलीच्या पोटात मराठी नसतंच. आत रोमन अक्षरांचे क्रमांक, वरून मराठी चेहऱ्याचा फाँट चढवलेला. फाँट उतरला की ‘श्री गणेश प्रसन्न’च्या जागी कंस, डॉलर आणि स्वल्पविरामांची रांग. मी म्हटलं युनिकोडमध्ये, म्हणजे फाँट बदलला तरी मराठीच राहील अशा अक्षरांत, नव्याने करू. पेजमेकरला मुक्तस्रोतातला पर्याय म्हणजे स्क्राइबस, आणि त्या काळच्या स्क्राइबसला देवनागरी जोडाक्षरं जुळवता येत नव्हती. शेवटी इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक पत्रिका मी रात्री दोनपर्यंत जागून केली. गणपती झकास आला होता. वहिनी ते काम वीस मिनिटांत करायच्या.

आणि मग प्रिंटर. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात जा, तो छोटा लेझर प्रिंटर तुम्हाला टेबलावर दिसेल. लिनक्सवर तो एक पान काढायचा आणि रुसायचा. टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून त्याची सेवा बंद करायची, परत चालू करायची, मग दुसरं पान. ती आज्ञा मी एका पुठ्ठ्यावर मार्करने लिहिली आणि मॉनिटरच्या वर चिकटवली. वहिनी प्रत्येक ट्रेसिंगला (छापखान्यासाठी ट्रेसिंग पेपरवर काढलेल्या पानाला) तो पुठ्ठा बघून टाइप करायच्या. भारनियमन होतंच. यूपीएस जेमतेम दहा मिनिटं टिकायचा, त्यातली तीन त्या पुठ्ठ्यात जायची.

सातव्या दिवशी मला कंपनीचं पत्र आलं आणि मी पुण्याला निघून आलो.

अकराव्या दिवशी एका पार्टीचं ट्रेसिंग ऑफसेट छापखान्याला वेळेत गेलं नाही. ती माणसं समोरच्या दुकानात गेली, आणि जाताना चार पाहुण्यांची कामंही घेऊन गेली. दादाने फॉरमॅटवाल्याला बोलावलं. विंडोजला लिनक्सचं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा त्याच्यासाठी वेगळा केलेला भाग, वाचता येत नाही, त्याला ते अनोळखी दिसतं. त्याने ते उडवलं आणि डिस्क सलग करून टाकली. त्यात दोन वर्षांच्या पत्रिका होत्या, कारण जागा करायला म्हणून त्या मीच तिकडे हलवल्या होत्या.

दादाचं म्हणणं, तुझ्या फुकटच्या सीडीने माझी लग्नसराई खाल्ली. माझं म्हणणं, लिनक्सने एक फाइल खाल्ली नाही, तुझ्या तीनशे रुपयेवाल्याने खाल्ल्या. डिस्क कोणी पुसली ते बघ ना!

हे सगळं सांगायचं कारण असं की लिनक्सचे प्रचारक, त्यात मीही आलो, दोन मुद्दे घोकतात आणि आपल्याकडे दोन्ही चालत नाहीत. पहिला, फुकट आहे. अहो, विंडोजही फुकटच मिळत होतं. कित्येक वर्षं उबुंटू किंवा डॉस घातलेले लॅपटॉप थोडे स्वस्त मिळायचे, लोक ते घ्यायचे आणि दुकानातून बाहेर पडायच्या आधी त्यावर चोरीचं विंडोज पडलेलं असायचं. दुसरा, तुमच्या फोनमधलं अँड्रॉइडही लिनक्सच्या गाभ्यावर चालतं. चालतं की. म्हणून कोणी लिनक्स निवडलं असं होत नाही, डब्यात जे आलं ते वापरलं.

वेबसाइटच्या भेटींवरून मोजणाऱ्या स्टॅटकाउंटरच्या आकडेवारीत डेस्कटॉपवरचा लिनक्सचा वाटा फेब्रुवारी २०२४ मध्ये पहिल्यांदा ४ टक्क्यांपुढे गेला. लिनक्स आलं १९९१ मध्ये, तिथपासून मोजा म्हणजे वेग कळेल.

जिथे जमलं तिथे शेजारी शिकवायला माणूस बसलेला होता. केरळात सरकारी शाळांनी मुक्तस्रोत घेतलं ते पुस्तकासकट, परीक्षेसकट, शिक्षकांच्या प्रशिक्षणासकट. आपल्याकडे एमएस-सीआयटी म्हणजे विंडोज, वर्ड, एक्सेल हेच समीकरण लोकांच्या डोक्यात बसलं. उलट जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने सुमारे १५,००० कॉम्प्युटर लिनक्सवर नेले, २०१३ मध्ये काम पुरं झाल्याचं जाहीर केलं, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचं ठरवलं. दादाला ही बातमी मीच पाठवली होती, प्रामाणिकपणा म्हणून. पुढचा आठवडाभर फोन उचलायची सोय राहिली नाही.

माझ्या बाजूने पुरावा एकच, आमची आई. एक्सपी संपल्यावर २०१४ मध्ये घरच्या कॉम्प्युटरवर मी मिंट ही लिनक्सची दुसरी आवृत्ती घातली. आई प्राथमिक शाळेतून निवृत्त. तिला कॉम्प्युटर कधीच शिकवला गेला नव्हता, म्हणून तिला विसरायचंही काही नव्हतं. कीबोर्डवर देवनागरीचे स्टिकर लावून दिले आणि इनस्क्रिप्ट ती पंधरा दिवसांत शिकली. भजनी मंडळाची वही तिने टाइप केली, दीडशेच्या वर अभंग. लिनक्स हा शब्द तिला माहीत नाही. ती त्याला ‘हिरवा कॉम्प्युटर’ म्हणते, आणि दुकानात गेली की विचारते, तुमचा निळा अजून अडकतो का रे?

आता तुमचा लॅपटॉप. ब्राउझर, व्हॉट्सअॅप वेब, बँक, यूट्यूब, थोडं लिहिणं एवढंच असेल तर मिंट घाला, बिनघोर. आधी पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघा. वायफाय, आवाज, ब्लूटूथ आणि तुमचा प्रिंटर लागतो का ते तपासा, खास करून प्रिंटर. आजकालचे नेटवर्कवरचे प्रिंटर बहुतेक आपोआप लागतात. टॅली वापरत असाल, कोरल-फोटोशॉपवर पोट असेल, किंवा डिजिटल सहीच्या टोकनने विवरणपत्रं भरत असाल तर माझं ऐकू नका, विंडोजवरच राहा. हे खरं तर सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. आणि काहीही करण्याआधी सगळा डेटा दुसऱ्या डिस्कवर काढा. काढल्यावर ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून फाइली उघडतात का ते बघा.

मी तेव्हा पत्रिका सीडीवर काढल्या नव्हत्या. माझ्याकडे कोऱ्या सीडीही होत्या. दादा, तू हे वाचत असशील तर तेवढं माझं चुकलं. पार्टिशनचं नाही, फक्त तेवढंच. आणि पुण्याला जाताना प्रिंटरचं कोणाला समजावून दिलं नाही, तेही धर हवं तर.

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा दादाचाही कॉम्प्युटर विंडोज ११ ने नाकारलेला. दुकानात आता पत्रिका कमी आणि ऑनलाइन फॉर्म जास्त, सगळं ब्राउझरमध्येच. दादाने नवीन घेतला, जुना टेबलाखाली ढकलला. वहिनी म्हणाल्या, “भावजी, हा मला करून द्या आईंच्यासारखा. पण आधी प्रिंटर लावून दाखवा, मग बाकीचं.”

लावला. नवा प्रिंटर आहे, वायफायवरचा, त्याने स्वतःच नाव सांगितलं. वहिनींनी फॉर्मची तीन पानं काढली, तिन्ही सलग आली. दादा मागे उभा राहून बघत होता. तिसरं पान त्याने उचललं, उलटंपालटं केलं, परत ठेवलं आणि विचारलं, “जुन्या पत्रिका आल्या का त्यात?” मग चहा सांगायला बाहेर गेला.