गाळ्यासमोर उभी राहा

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद. फ्रँचायझीच्या, म्हणजे कंपनीच्या नावानं दुकान चालवायला घ्यायच्या मुलाखतीला काय घालू, हे तू फोनवर दोनदा विचारलंस. गाळ्याचं भाडं किती, हे मी विचारलं तर म्हणालीस, ‘पप्पांना माहीत.’ हे उत्तर तिथं देऊ नकोस. काउंटरवर रोज कोण उभं राहणार, हेच कंपनीवाल्यांना बघायचं असतं.

माझ्या वेळी मी बँकेचं स्टेटमेंट, तीन वर्षांचे रिटर्न, सगळं फाइलला लावून नेलं होतं. साहेबांनी फाइल उघडलीच नाही. विचारलं, “मंगळवारी दुपारी तीनला तुमच्या दारावरनं किती माणसं जातात?” मी म्हटलं, “भरपूर!” विषय संपला.

म्हणून कोल्हापुरात राजारामपुरीतल्या त्या गाळ्यासमोर वही घेऊन उभी राहा. एक मधला वार, एक रविवार; सकाळ, दुपार, संध्याकाळ एकेक तास. कॉलेजची पोरं वेगळी मोज, पिशवीवाल्या बायका वेगळ्या. शेजारच्या चहाच्या गाडीवर बसलीस तर निम्मी माहिती फुकट मिळेल.

आता हिशेब. रॉयल्टी, म्हणजे नाव वापरायचे कंपनीला दर महिन्याला द्यायचे पैसे, बहुतेक ठिकाणी विक्रीवर असते, नफ्यावर नव्हे. समज, महिन्याला 5 लाखांची विक्री आणि 6 टक्के रॉयल्टी. झाले 30,000, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 5,400. तोटा झाला तरी हे द्यावंच लागतं. आणि 5 लाख म्हणजे 200 रुपयांचं एक बिल धरून रोज 84 गिऱ्हाइकं. वहीतल्या माणसांपैकी एवढी आत येतील का, ते बघ. नसतील येत तर तसं सांग. खोटा आकडा त्यांना लगेच कळतो.

शाहूपुरीतला गाळा स्वस्तात मिळतोय म्हणालीस. शेजारच्या दुकानदाराला विचार, 2019 ला पुराचं पाणी कुठवर आलं होतं, 2021 ला कुठवर. तो भिंतीला हात लावून दाखवेल. मग पुरात फ्रीज-ओव्हन गेले तर भरपाई कुणी करायची, हे कंपनीला विचार. विचारायला लाजू नकोस. आपल्याकडं फ्रँचायझीचा वेगळा कायदा नाही, त्यामुळं करारात नाही ते मिळत नाही. जवळच दुसरी शाखा देणार नाही, हेही लेखी माग. फ्रँचायझी पाच वर्षांची आणि भाडेकरार तीनच वर्षांचा असला, तर पुढं घरमालक नाचवतो. माझ्या मालकानं नाचवलं.

शनिवारी वही घेऊन घरी ये. कपड्यांचं काकूला विचार, मला त्यातलं काही कळत नाही.

तुझा काका