वार्नाचं सोनं आणि बारावीतला मुलगा

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे. बल्गेरियातल्या वार्ना इथल्या कबरींमधलं सोनं एका माहितीपटात पाहिलं, तेव्हापासून पुरातत्त्वच करणार म्हणून हटून बसलाय. त्याचे बाबा विचारतात, खड्डे खणून पोट भरतं का? काय करावं?
– एक आई, शिरूर

ताई, बाबांचा प्रश्न रास्त आहे. पण आधी त्या सोन्याविषयी.

१९७२ साली खोदकाम करणाऱ्या एका यंत्रचालकाला ही दफनभूमी अचानक सापडली. तीनशेच्या आसपास कबरी, तीन हजारांवर सोन्याच्या वस्तू, आणि सगळ्यांचं वजन जेमतेम सहा किलो! एखाद्या मोठ्या सराफाकडे याहून जास्त असेल. मोल आहे ते वयाचं, सुमारे साडेसहा हजार वर्षांचं, आणि कोणती वस्तू कुठे होती याच्या नोंदीचं. ४३ क्रमांकाच्या कबरीत एकाच पुरुषाजवळ दीड किलो सोनं, तर कित्येकांजवळ जवळपास काहीच नाही. म्हणजे त्या काळीही समाजात वरचे-खालचे होते, हे त्यातून कळलं. काही कबरींत तर सोनं आहे, पण माणूसच नाही!

हे उलगडायला कार्बन-१४ची कालगणना (म्हणजे अवशेषांतल्या कार्बनवरून त्यांचं वय काढणं), हाडांचा अभ्यास, धातूंचं विश्लेषण लागतं. तेव्हा सायन्स सोडायची घाई नको. बी.एस्सी. करू द्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाच्या एम.ए.ला विज्ञानाचे पदवीधरही जातात. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ग्रेटर नोएडातल्या संस्थेचा दोन वर्षांचा डिप्लोमा, किंवा नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा आणि पीएच.डी.

पोटाचं खरं सांगायचं तर कायम नोकऱ्या थोड्या, जाहिराती उशिरा निघतात, आणि तिशीपर्यंत घराचा आधार लागू शकतो. तेवढी तयारी आहे का, हे बाबांनी आणि मुलाने समोरासमोर बसून बोलावं. वस्तुसंग्रहालयं आणि वस्तूंचं जतन या वाटाही आहेत, मात्र तिथेही रांग आहेच.

एक करा. इनामगाव तुमच्याच तालुक्यातलं. १९६८ ते १९८३ डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केलं. घराच्या जमिनीखाली, दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत पुरलेली लहान मुलं सापडली. मोठी माणसं मात्र पावलं तोडून पुरलेली. वार्नासारखी सोन्याची रास नाही. डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात त्याला घेऊन जा आणि ती मडकी दाखवा. त्यांच्यासमोर तो किती वेळ थांबतो, काय विचारतो, ते मला कळवा. मग पुढचं बोलू.