माणसाचे जीन २० हजार, मग अँटीबॉडी करोडो प्रकारच्या कशा बनतात?

मिरजेत बारावीला बायो शिकवतो, दरवर्षी हा प्रश्न येतोच आणि मला जाम आवडतो. प्रत्येक अँटीबॉडीसाठी (म्हणजे जंतूला चिकटणाऱ्या प्रोटीनसाठी) वेगळा तयार जीन नसतोच मुळी, डीएनएत फक्त तुकडे असतात. अँटीबॉडी मोठ्या आणि छोट्या साखळ्यांची बनते, त्यातल्या मोठ्या साखळीचे तुकडे १४ नंबरच्या क्रोमोसोमवर, तीन प्रकारचे, साधारण ४० व्ही, २३ डी आणि ६ जे. बोनमॅरोत बी सेल (अँटीबॉडी बनवणारी पांढरी पेशी) तयार होताना प्रत्येक प्रकारातला एकेक उचलायचा, मधला डीएनए रॅग-१ आणि रॅग-२ ही प्रोटीन्स चक्क कापून टाकतात आणि टोकं जोडली जातात, इथेच साडेपाच हजार जोड्या झाल्या, त्यात छोटी साखळी पण अशीच बनते म्हणजे गुणाकार करत गेलात की १५-२० लाखांवर जातं.

पण खरी गंमत या तुकड्यांच्या सांध्यावर आहे. जोडताना टीडीटी नावाचं एन्झाईम मध्ये डीएनएची वाट्टेल ती अक्षरं घुसवतं, कुठलाही नमुना न बघता, त्यामुळे आकडा अब्जांच्या पुढे जातो. बऱ्याच जोडण्या फुकट जातात आणि त्या सेल मरतात, हा खर्च शरीर करतं.

म्हणून कृष्णेच्या पुरानंतर चिखल काढताना कधी न बघितलेला जंतू अंगात गेला तरी त्याला चिकटणारी सेल बहुतेक आधीच तयार असते, ती वाढते, मग लिम्फ नोडमध्ये तिच्या जीनमध्ये आणखी बदल होऊन पकड घट्ट होते, धनुर्वाताच्या इंजेक्शनचा बूस्टर अशाच तयार सेलना पुन्हा जागं करतो.

डीएनएचे तुकडे असे जोडले जातात हे जपानी शास्त्रज्ञ सुसुमू तोनेगावांनी १९७६ मध्ये दाखवलं, १९८७ चं नोबेल त्यांना एकट्याला मिळालं.