वेरोनिकाचं नेमकं चुकलं कुठे?

*"ताई, मी 28 वर्षांची, पारोळा तालुक्यातली. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, हे काश्मिरात गेले. मरणोत्तर शौर्यपदक मिळालं. आता आबा (सासरे) म्हणतात, धाकट्या दिराशी पाट लाव, नाहीतर पदकाचा भत्ता बंद होईल. मला जळगावला डीएडच्या वर्गातला एक जण आवडतो. परवा मैत्रिणीकडे 'द क्रेन्स आर फ्लाइंग' हा जुना रशियन सिनेमा पाहिला. शेवटी स्टेशनावर वेरोनिका फुलं वाटते, तेव्हापासून रडतेय. मीपण तिच्यासारखी बेइमान का?"*

पोरी,

आधी पैशाचं बोलू, म्हणजे धाक तरी उतरेल. विधवेनं पुन्हा लग्न केलं, तर ते नवऱ्याच्या भावाशी असेल तरच भत्ता चालू राहील, अशी अट खरोखर होती. 2017 मध्ये संरक्षण मंत्रालयानं ती काढून टाकली. आबा खोटं बोलतात असं नाही, जुनं ऐकलेलं धरून बसले असतील. पेन्शनचे नियम मात्र वेगळे. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद) घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा आणि उत्तर लेखी माग. पारावर विचारू नकोस.

आता वेरोनिका. स्टेशन राहू दे, मधला भाग पुन्हा पाहा. तिचा प्रियकर बोरिस आपणहून नाव नोंदवून लढाईवर जातो. बॉम्ब पडून हिचे आईबाप जातात. घराचं दार उघडते तर पलीकडे घरच नाही. बोरिसच्या घरचे आसरा देतात, आणि तिथेच हवाई हल्ल्याच्या रात्री त्याचा चुलतभाऊ मार्क तिच्यावर जबरदस्ती करतो. मग लग्न. यात तिची पसंती कुठे आली? बेइमानीला आधी मर्जी लागते गं.

पुढे बोरिसचे वडील, लष्करी दवाखान्यातले डॉक्टर, एका जखमी सैनिकाला धीर देताना वाट न पाहणाऱ्या पोरींना तोंडाला येईल ते बोलतात. वेरोनिका तिथेच उभी असते. ऐकते आणि जीव द्यायला रेल्वेकडे धावत सुटते. नंतर तिला मायेनं जवळ करणारेही तेच. चांगल्या माणसाचं बोलणंच जास्त लागतं. आबांचं तुला लागलंय ते असंच. 1957 साली, लाखो घरांत युद्धातला कुणीतरी परत आलेला नसताना, दिग्दर्शक कालातोझोव यांनी रशियात अशी नायिका उभी केली. आपल्याकडे अजून 15 ऑगस्टला वीरपत्नीला शाल-श्रीफळ द्यायला रांग लागते, आणि 16 तारखेला ती कुणाशी बोलते यावर गावाचा डोळा.

वेरोनिका मार्कची झाली तेव्हा तिच्यात नाही म्हणण्याचं त्राण उरलं नव्हतं. तुझ्यात आहे, म्हणून तर पत्र लिहिलंस. दीर वाईट नसेलही, पण त्याला तरी कुणी विचारलंय का?

वर्गातल्या त्या माणसाबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, म्हणून त्याची भलामण मी करणार नाही. त्याला दोन गोष्टी विचार. ह्यांचा फोटो घरात भिंतीवर राहिला तर चालेल का? वर्षश्राद्धाला मी पारोळ्याला गेले तर? तो अडखळला तर रागावू नकोस, वेळ दे. ताडकन हो म्हणाला तर मात्र महिनाभराने पुन्हा विचार.

अखाजीला माहेरी जाशीलच, तेव्हा आईच्या कानावर घाल. पण आबांकडे भावाला किंवा मामाला पाठवू नकोस, स्वतः बोल. आणि त्याच्याही आधी दिराशी बोल. कदाचित तोही कुणीतरी विचारायची वाट बघत असेल.

— तुझी ताई