नागपूरच्या ४५ अंशांत पुरुषांनी स्टायलिश कसं राहावं?

ठाण्याहून नागपूरला बदली झालीय, एप्रिलमध्ये रुजू व्हायचंय, ऑफिस मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाजवळच्या उद्योग-परिसरात, जाणं-येणं स्कूटरवर. हाफ पँट आणि बिनबाह्यांचा टी-शर्ट ऑफिसात चालत नाही, मग ४५ अंशांत घालायचं काय आणि त्यात बरं दिसायचं कसं, असं तुम्ही विचारलंय.

हाफ पँट आणि बिनबाह्यांचं जे काही असेल ते ठाण्यालाच ठेवून या. ऑफिसचं सोडा, इथल्या उन्हालाच ते चालत नाही. मे महिन्यात भर दुपारी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, उभं राहून बघा. उघडे दंड घेऊन फिरणारा दिसला तर तो हमखास बाहेरगावचा. इथला माणूस डोक्यापासून मनगटापर्यंत झाकलेला असतो, आणि तुम्हाला वाटतं त्यापेक्षा सुखात असतो.

ठाण्याच्या हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम सुकायला जागाच उरत नाही, म्हणून तिथे कपडे कमी केले की बरं वाटतं. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी आर्द्रता कितीदा २० टक्क्यांच्याही खाली जाते. घाम आला कधी आणि उडाला कधी, पत्ता लागत नाही. त्वचेचं तापमान ३४-३५ अंशांच्या आसपास आणि हवा ४५ची, म्हणजे स्कूटरवर उघड्या हाताला लागणारा वारा हात गार करायच्या ऐवजी तापवतो. वरून सूर्य आहेच. अशा वेळी अंगावर सैल, सुती कापडाचा एक थर असला की ऊन त्याच्यावर अडतं, आत घाम सावकाश सुकतो आणि त्या सुकण्याचा गारवा अंगाला मिळतो. तेव्हा नागपुरात स्टाइल करायची तर ती अंग झाकूनच करायची. इथे लागतो पूर्ण बाह्यांचा शर्ट, सैल पँट आणि दुपट्टा.

आधी कापडाचं बोलू, कारण खरे पैसे तिथेच वाया जातात. दुकानात ‘लिनन’ म्हणून जे दाखवतात त्यातलं बरंचसं लिनन नुसतं दिसायला असतं. वरून गाठीगाठीचा पोत आणि आत पॉलिस्टर. शर्टाच्या आतल्या शिवणीवरचं लेबल वाचा. ५५ टक्के लिनन आणि ४५ टक्के कॉटन असेल तर खुशाल घ्या, चुरगळतंही कमी. पॉलिस्टर किंवा व्हिस्कोस-पॉलिस्टर निघालं तर कितीही सुंदर दिसो, परत ठेवा. थानातून कापड घेत असाल तर गांधीबागेतल्या जुन्या दुकानदारांची पद्धत शिकून घ्या. कडेचा एक धागा ओढायचा आणि काडी लावायची. सूत किंवा लिनन कागदासारखं जळतं, जळक्या कागदाचाच वास येतो आणि बोटांत चुरली तर मऊ राख होते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी धरतो. त्या मण्याला लगेच हात लावू नका, चटका बसतो. बरा दुकानदार स्वतःच जाळून दाखवतो. जो ‘जाळायला कशाला पाहिजे बाप्पा, सांगून राहिलो ना’ म्हणतो, त्याच्या पुढच्या दुकानात जायचं.

जाता जाता एक गंमत. लिननचा धागा जवसाच्या झाडाच्या खोडापासून निघतो. हेच जवस आपल्याकडे विदर्भात पिढ्यान् पिढ्या पेरतात, पण तेल आणि चटणीसाठी. खोडाच्या वाटेला कोणी गेलं नाही.

लिननवाचून अडतं असंही नाही. शेवटी हा कापसाचा मुलूख आहे. १८७७ साली जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल इथे उगाच काढली नव्हती. आता त्या जागेवर मॉल उभा आहे आणि त्यात पॉलिस्टरचे शर्ट विकले जातात, हा भाग वेगळा. पातळ सुती कापडात कॅम्ब्रिक घ्या. सीअरसकर म्हणून बारीक चुण्यांचं कापड येतं, ते घ्या. त्या चुण्यांमुळे कापड अंगाला चिकटत नाही आणि इस्त्रीचीही कटकट नाही. माझं मत विचाराल तर खादी सगळ्यांच्या वर. हातसुताचा धागा कमी-जास्त जाडीचा असतो, वीण थोडी मोकळी राहते, हवा खेळते. वर्धा इथून दीड-दोन तासांवर आहे. तिथे गांधीजींनी १९३८ साली सुरू केलेलं मगन संग्रहालय आहे आणि नैसर्गिक रंगांत रंगवलेली खादी तिथे मिळते. खादी म्हणजे पुढाऱ्याचा पांढराशुभ्र कडक कुर्ता, एवढंच डोक्यात असेल तर तिथला निळीचा निळा एकदा बघून या.

त्या कडकपणाचंही बोलायला हवं. आपल्याकडे स्टार्च केलेला कुर्ता म्हणजे रुबाब. पण कांजीने कापडाची भोकं बुजतात आणि मेमध्ये तो कुर्ता पत्र्याच्या डब्यासारखा होतो. फार तर कॉलर आणि कफला हलकी कांजी द्या, बाकी अंग मऊ राहू द्या. लिननच्या चुण्यांची लाज बाळगू नका. सकाळी इस्त्री केलेल्या लिननवर दुपारी पडलेल्या चुण्या चांगल्याच दिसतात. आदल्या दिवशीच्या चुण्या मात्र लोकांना लगेच ओळखू येतात.

मापाच्या बाबतीत अंगाला घट्ट बसणारा शर्ट विसरा. छातीला ऐसपैस, खांद्याला बरोबर. खांद्याची शिवण हाडावर नीट बसली तर सैल शर्टही मापाचा दिसतो, खाली उतरली तर दादाचा शर्ट घातल्यासारखा दिसतो. सगळा खेळ त्या शिवणीचा आहे. बाह्या पूर्णच ठेवा. ऑफिसात पोहोचल्यावर कोपरापर्यंत दुमडा, निघताना सोडा. अर्ध्या बाह्यांत स्कूटर चालवणाऱ्यांचे हात जूनपर्यंत दोन रंगांचे होतात आणि मग लग्नात अंगठी घालताना फोटोत ते छान दिसतं. पँटला पुढे एक-दोन प्लीट, मांडीला मोकळी, घोट्याकडे थोडी निमुळती. जीन्स घालायचीच असेल तर पातळ डेनिमची. स्ट्रेच जीन्स म्हणजे लाइक्रा आलं, ती अंगाला चिकटून बसते. भर उन्हात उभ्या केलेल्या स्कूटरच्या सीटवर ती घालून एकदा बसलात की मी काय म्हणतो ते कळेल.

रंगात फिकटच घ्या, पण नुसतं पांढरं नको. अगदी विरळ पांढऱ्या कापडातून ऊन बऱ्यापैकी आत येतं आणि बनियनही दिसते. बदामी, फिका पिस्ता, राखाडी, मळकट गुलाबी, आकाशी हे रंग इथल्या उन्हात फार छान दिसतात. गडद निळा आणि काळा दिवसा टाळा. उष्णतेइतकंच आणखी एक कारण आहे, मीठ. घाम झटकन सुकतो आणि पाठीवर पांढऱ्या रेघांचा नकाशा उमटतो. तुमच्या मागे लिफ्टमध्ये उभा असलेला माणूस तो वाचत असतो.

बनियन घाला. उकाड्यात आणखी एक कपडा कशाला, असं वाटेल, पण शर्टावरचे ओले डाग तीच टिपते. पांढऱ्या शर्टाखाली पांढरी घालू नका, तिची कड उठून दिसते. आपल्या कातडीच्या रंगाच्या जवळची किंवा फिकट राखाडी घ्या.

आता दुपट्टा. तुम्ही ठाण्याचे, म्हणजे दुपट्टा बायकांचा, असं मनात येणार. नागपुरात उन्हाळ्यात तो सगळ्यांचा असतो. कॉलेजच्या पोरापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळे नाक-कान-मान गुंडाळून, फक्त डोळे उघडे ठेवून गाडीवर निघतात. सिग्नलला सगळे सारखेच दिसतात, सख्खा भाऊही ओळखू येत नाही. आणि म्हणूनच वेगळं दिसायची जागा तीच आहे. घरातला जुना पंचा किंवा तोंड पुसायचा नॅपकिन बांधून निघू नका. पातळ सुती दुपट्टा, लांबी दोन मीटर तरी, कडेला बारीक रंगीत काठ. इतवारी-महालच्या बाजूला हातमागाचे छान मिळतात. शर्ट साधा असेल तर चौकड्यांचा किंवा ठशांचा घ्या, शर्ट चौकड्यांचा असेल तर एका रंगाचा. बांधायची रीत अशी. मधला भाग डोक्यावर घ्या, कानांवरून दोन्ही टोकं खाली आणा, एक टोक नाकावरून नेऊन मागे खोचा, दुसरं मानेभोवती फिरवा, आणि मग हेल्मेट. हेल्मेटच्या आतला घाम दुपट्टा टिपतो, हेल्मेटला वास लागत नाही आणि केसही कमी बिघडतात. फार लांब जायचं असेल तर पाण्यातून काढून, पिळून बांधा. मिहानला पोहोचेपर्यंत कोरडा झालेला असेल, पण वाटभर बिनपैशांचा कूलर. ऑफिसात शिरताना तो काढून पिशवीत कोंबू नका. झटका, लांब घडी घाला आणि गळ्यात सैल सोडा. एसी २२ वर ठेवलेला असतो तिथे दुपारी तो कामालाही येतो.

आजी म्हणते, खिशात कांदा ठेव, लू लागत नाही. ठेवायचा तर बॅगेत ठेवा. लिननच्या पँटच्या खिशात कांद्याचा फुगवटा कुणालाच शोभत नाही. लू लागू नये म्हणून पाणी, पन्हं, ताक, आणि १२ ते ४ सावली, एवढं पाळा. कपडे कितीही बरोबर असले तरी त्या चार तासांत नागपुरात हौसेने कोणी बाहेर पडत नाही.

गॉगल घेताना काचेच्या काळेपणावर जाऊ नका, त्यावर यूव्ही-४००, म्हणजे अतिनील किरणं अडवणारी काच, असं लिहिलेलं आहे का ते बघा. नुसत्या काळ्या काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि तीच किरणं जास्त आत जातात. फूटपाथवरचा तो गॉगल फोटोपुरता ठीक आहे. घड्याळाला धातूचा पट्टा नको, कापडी लावा. बूट कॅनव्हासचे किंवा बिनअस्तराचे लोफर, आत बुटाबाहेर न दिसणारे सुती मोजे. संध्याकाळी कोल्हापुरी.

अत्तराचं एक सांगतो. गोड, जड परफ्यूम दुपारी दोनच्या उन्हात शेजारच्याला नकोसा होतो. वाळ्याचं अत्तर घ्या. आमच्या कूलरच्या ताट्या याच वाळ्याच्या असतात, त्यामुळे नागपूरकराला त्या वासानेच अर्धं गार वाटतं. मनगटावर एक थेंब पुरतो.

संध्याकाळी सातनंतर सगळं गाव बाहेर पडतं. धरमपेठ, फुटाळा, सदर, कुठेही जा. तेव्हा मात्र अर्ध्या बाह्या, मोकळ्या कॉलरचे ठशांचे शर्ट, गडद निळा, काळा, जे दिवसा टाळलंत ते सगळं काढा. हाफ पँटसुद्धा तेव्हा चालेल, त्यावर माझं काही म्हणणं नाही.

लग्नांचं निमंत्रण येणारच, आमच्याकडे भर मेमध्येच बार उडतात. भाड्याच्या शेरवानीच्या फंदात पडू नका. वरचं कापड एक वेळ सोसवेल, आतलं पॉलिस्टरचं अस्तर सोसवत नाही. कुठलाही जॅकेट-ब्लेझर घेताना आधी उलटा करून अस्तर बघायची सवय लावून घ्या. भंडाऱ्याकडचा कोसा, म्हणजे टसर, त्याचं बिनअस्तराचं जॅकेट आणि आत मऊ सुती कुर्ता, एवढ्यात तुम्ही नवरदेवापेक्षा उजवे दिसाल. नवरदेव तेव्हा पंख्याची जागा शोधत असतो.

कपडे धुताना दोनच गोष्टी. घामाचा शर्ट तसाच गोळा करून टाकू नका, आल्या आल्या साध्या पाण्यात बुडवा, मीठ निघून जातं. आणि वाळत घालताना उलटा घाला, नाहीतर नागपूरचं ऊन महिन्याभरात रंग पिऊन टाकतं. तासाभरात सगळं वाळतं, त्यामुळे चार-पाच चांगले शर्ट पुरे, पंधरा स्वस्तातले नकोत.

आणि शिवून घेणार असाल तर आत्ताच हालचाल करा. छत्तीस इंची पन्ह्याचं, म्हणजे तेवढ्या रुंदीचं, कापड असेल तर पूर्ण बाह्यांच्या शर्टाला साधारण अडीच मीटर धरा. टेलरकडे द्यायच्या आधी कापड रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा, सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. रुजू व्हायच्या आधी घर बघायला मार्चमध्ये एक चक्कर माराल ना, तेव्हाच मापं देऊन टाका. एप्रिल उजाडला की लग्नाचे कपडे घेऊन लोक टेलरच्या दारात रांग लावतात आणि मग तुमच्या दोन शर्टांना तो सरळ सांगतो, ‘भाऊ, आता पावसाळ्यातच या.’