'वेस्टर्न' अक्षरं म्हणजे पाश्चात्त्य अक्षरं नव्हेत

प्रश्न असा आहे: शेंगदाण्याच्या चटणीच्या पाकिटासाठी ग्राहकाने 'व्हिंटेज वेस्टर्न लेटरिंग' मागितलं आहे. मराठी सादरीकरणात त्याला 'जुनी पाश्चात्त्य अक्षरशैली' म्हटलं तर चालेल का? नसेल, तर काय म्हणावं?

चालणार नाही. मराठीत 'वेस्टर्न' तीन वेगळ्या अर्थांनी येतो. वेस्टर्न रेल्वेची पश्चिम रेल्वे होते, तिथे ती दिशा असते. वेस्टर्न कपडे, वेस्टर्न संगीत म्हणताना युरोप-अमेरिकेकडचं असा अर्थ असतो आणि तिथे 'पाश्चात्त्य' चपखल बसतो. तुमच्या ग्राहकाचा वेस्टर्न तिसरा आहे: एकोणिसाव्या शतकातला अमेरिकेचा पश्चिम भाग, म्हणजे गुरांचे कळप, रेल्वेची नवी ठाणी, भिंतीवर डकवलेलं, फरार गुन्हेगाराला पकडून देण्याचं 'वॉन्टेड'चं पत्रक. 'पाश्चात्त्य अक्षरशैली' वाचून कुणाच्या डोळ्यांसमोर फ्रान्सचा गॅरामॉन्ड येईल, कुणाच्या इटलीचा बोडोनी, कुणाच्या १९५७ सालची स्वित्झर्लंडची हेल्व्हेटिका. छपाईची ही वळणं सगळी पाश्चात्त्यच, पण ग्राहकाला हवं ते यातलं एकही नाही.

जाता जाता, हा शब्द जोड-त घालूनच लिहावा. पश्चात् या शब्दाला त्य हा प्रत्यय लागून पाश्चात्त्य होतो. मूळ शब्दातला त् आणि प्रत्ययातला त असे दोन त तिथे आहेत. दक्षिणा या शब्दात मुळात त् नाही, म्हणून 'दाक्षिणात्य'मध्ये एकच त. या दोघांच्या जोडीला पाणिनीने तिसरा शब्द दिला आहे तो 'पौरस्त्य'. आपण सर्रास वापरतो तो 'पौर्वात्य' बाकीच्यांच्या चालीवर नंतर घडलेला आहे. तो आता इतका रुळला आहे की मी त्याला हात लावणार नाही, पण पाश्चात्त्यमधला एक त गळलेला दिसला की मला चुकल्यासारखं होतं.

आता मूळ अक्षरांकडे वळू. या अक्षरांच्या नावांचा इतिहासच असा आहे की नावाचं भाषांतर करायला जाणारा हमखास फसतो. जाड, चौकोनी पावलांची (रेघांच्या टोकांना आडव्या पट्ट्या असलेली) अक्षरं १८१०च्या दशकात लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्स या टाइप ओतणाऱ्याने बाजारात आणली आणि त्यांना नाव दिलं 'अँटिक', म्हणजे पुरातन! ती तर कोरी करकरीत होती. नेपोलियनच्या इजिप्त-स्वारीनंतर युरोपला इजिप्तचं वेड लागलं होतं, तेव्हा अशाच अक्षरांना 'इजिप्शियन' म्हणू लागले. १८२१ मध्ये लंडनच्याच कॅस्लन या टाइप ओतणाऱ्या कारखान्याने जाडी उलटीपालटी केलेलं एक वळण काढलं, उभ्या रेघा बारीक आणि आडव्या जाड. त्याचं नाव 'इटालियन'. १८४५ मध्ये रॉबर्ट बेस्लीचं 'क्लॅरेंडन' आलं, तेही लंडनहूनच. पुढे त्याचं उंच, अरुंद, डोक्या-पायांशी जाड असं रूप निघालं. 'वॉन्टेड'चं पत्रक म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते हेच. त्याला म्हणतात 'फ्रेंच क्लॅरेंडन'. माशाच्या शेपटीसारखी दुभंगलेली टोकं असतात ती 'टस्कन'. त्या टोकांचं मूळ शोधत गेलं तर ते चौथ्या शतकातल्या रोमच्या शिलालेखांपर्यंत जातं.

म्हणजे पुरातन म्हटलेलं नवीन, आणि इजिप्शियन, इटालियन ही नावं इंग्लंडमधल्या अक्षरांना. 'वेस्टर्न' हे त्याच माळेतलं शेवटचं नाव. या अक्षरांचा मोठा धंदा उभा राहिला तो अमेरिकेच्या पूर्वेकडे. १८२७ मध्ये न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने लाकूड कोरणारं यंत्र वापरात आणलं, १८३४ मध्ये विल्यम लेव्हनवर्थने त्याला पँटोग्राफ, म्हणजे आकृती लहान-मोठी करून उतरवणारी दांड्यांची जोडणी, जोडला, आणि एका नमुन्यावरून हव्या त्या मापाची अक्षरं कापता येऊ लागली. वीतभर उंचीचं अक्षर शिशात ओतलं तर जड होतं आणि थंड होताना वेडंवाकडं आकसतं. मेपलचं लाकूड हलकं, टणक आणि स्वस्त. सर्कशी, औषधवाले, लिलाववाले, नाटकवाले सगळ्यांनी ही अक्षरं उचलली. पश्चिमेतल्या नव्या गावांच्या छापखान्यांतही हीच पोचली आणि पुढे सिनेमाने त्यांची गाठ घोडेस्वारांशी कायमची बांधली.

म्हणून माझं मत असं की जागेच्या नावाचा नाद सोडावा आणि वस्तूच्या नावाने हाक मारावी. मराठी छापखान्यात टाइपला 'खिळा' म्हणत, जुळारी खिळे जुळवत. पण वीतभर लाकडी अक्षराला खिळा म्हणणं जिभेवर येत नाही. त्यासाठी आपल्याकडे 'ठसा' आहे. कापडावर नक्षी उमटवतात ते लाकडी ठसे सगळ्यांच्या ओळखीचे आहेत, आणि अक्षर कसं हवं हे सांगणारा 'ठसठशीत' कानाला त्याच घरचा वाटतो. ठसठशीत कुंकू, ठसठशीत नथ, तसं ठसठशीत अक्षर.

'व्हिंटेज'साठी 'प्राचीन' किंवा 'पुरातन' नको, फिगिन्सची चूक आपण कशाला करायची? 'जुनाट' तर नकोच, त्यात हिणवणं आहे. हा शब्द मुळात द्राक्षांच्या हंगामाचा, त्यात त्या काळचं उत्तम ते टिकून राहिल्याचं कौतुक आहे. ते कौतुक मराठीत 'जुन्या घाटाचं' म्हणताना येतं, जसं जुन्या घाटाचं तांब्याचं भांडं. अशा मोठ्या अक्षरांना इंग्रजीत 'डिस्प्ले' म्हणतात, त्याला 'दर्शनी' चांगला: दुरून दिसावं म्हणून घडवलेलं. अक्षराला 'वळण' आहेच, त्यामुळे 'शैली'ची गरज नाही. तेव्हा सादरीकरणात लिहा: 'जुन्या अमेरिकी जाहिरातींतल्या लाकडी ठशाच्या वळणाची दर्शनी अक्षरं'. एकदा एवढं लिहिलंत की पुढे नुसतं 'लाकडी ठशाचं वळण' पुरेल. ग्राहकाशी बोलताना खुशाल 'वेस्टर्न' म्हणा, तो शब्द त्याला कळतो.

हे नाव वापरण्याचा एक फायदा कामातही होतो. ठसा म्हटलं की मांडणी कुठून आली ते दिसतं. फर्मा आवळताना, म्हणजे जुळवलेली अक्षरं लोखंडी चौकटीत घट्ट बसवताना, प्रत्येक ओळ चौकटीच्या रुंदीला घट्ट भरावी लागे. लहान शब्दाला रुंद अक्षरं, लांबलचक शब्दाला अरुंद, म्हणून त्या पत्रकांत दर ओळीला वेगळं वळण दिसतं. जुनेपणाचा भास त्या भरगच्चपणात आहे. वरून खोटे ओरखडे मारून तो येत नाही.

राहिला 'चटणी' हा शब्द. फ्रेंच क्लॅरेंडनची जाड पावलं देवनागरीला जशीच्या तशी लावू नका. रोमन अक्षर खालच्या रेषेवर उभं राहतं, आपलं शिरोरेषेला टांगलेलं असतं. च आणि णी यांना काना आहे, त्यांना पाऊल फुटेल. मधल्या ट ला पूर्ण काना नाही, तो दोन उभ्या माणसांमध्ये लोंबकळत राहील. शब्दात उकार असता तर तो त्या पावलावर आदळला असता. जाडी शिरोरेषेत घ्या, तिची दोन्ही टोकं टस्कनसारखी दुभंगा, आणि खालची बाजू मोकळी ठेवून तिथे एक जाड पट्टी वेगळी द्या. मग ट ला पाय नसल्याचं कुणाला जाणवणार नाही.