‘की’ कुणी काढला?

प्रिय ताई,

मी मार्केटिंगच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका जाहिरात एजन्सीत ८ आठवड्यांची इंटर्नशिप करते आहे, आता सहावा आठवडा चालू आहे. दिवसभर स्पर्धक ब्रँडच्या जाहिरातींचा तक्ता भरायचा, बॅनरचे साइझ यादीशी ताडून बघायचे, मीटिंग झाली की कॉल रिपोर्ट, म्हणजे मीटिंगमध्ये काय ठरलं त्याची नोंद, लिहायचा. पहिले दोन आठवडे तर गाद्यांबद्दलच्या ग्राहकांच्या ४०० प्रतिक्रिया वाचून एक्सेलमध्ये रकाने पाडत होते. त्यातली एक अजून डोक्यातून जात नाही. एका बाईने लिहिलं होतं, ‘घरातले सगळे झोपले की मग माझी पाठ टेकते.’

तिसऱ्या आठवड्यात ब्रेनस्टॉर्मिंगला धीर करून मी एक ओळ सुचवली, ‘पाठ टेकली की दिवस संपला.’ कुणी हूं की चूं केलं नाही. चार दिवसांनी क्लायंटसमोर सीनिअर कॉपीरायटरने (जाहिरातीचा मजकूर लिहिणाऱ्याने) सादरीकरणाचा डेक उघडला आणि पाचव्या स्लाइडवर, ‘पाठ टेकली. दिवस संपला.’ क्लायंट खूश. माझं नाव कुणी घेतलं नाही. वर कॉल रिपोर्टमध्ये मलाच लिहावं लागलं, ‘ओळ मंजूर.’ मैत्रिणी म्हणतात, लिंक्डइनवर टाक, सगळ्यांना कळू दे. मला तर सोडूनच द्यावंसं वाटतंय. रात्री नऊ-नऊपर्यंत बसते ती कशासाठी? मी या क्षेत्राला लायक नाही, की हे क्षेत्रच असं आहे?

– ओळ हरवलेली

*

प्रिय हरवलेली,

‘ओळ मंजूर’ लिहिताना तुझ्या बोटांना काय वाटलं असेल, ते मला कळतं. आपली चोरी झाल्याची फिर्याद आपणच चोराच्या वतीने सुवाच्य अक्षरात लिहून द्यायची, असाच तो प्रकार. पण ‘चोर’ हा शब्द मी इथेच थांबवते, कारण तुझ्या गोष्टीत मला चोर दिसत नाही. कंजूष माणूस दिसतो. ‘ही सुरुवात आपल्या इंटर्नची’ एवढं अर्धं वाक्य बोलायला त्याला काहीच पडलं नसतं. त्याने हात आखडता घेतला. ते वाईटच, आणि तुला लागलं ते बरोबरच लागलं.

आता जरा दोन ओळी शेजारी ठेवून वाच. मोठ्याने वाच. तुझ्या ओळीत ‘की’ आहे. त्या ‘की’मुळे एक गोष्ट झाली म्हणून दुसरी झाली, असा हिशेब तयार होतो. त्याने ‘की’ काढला आणि पूर्णविराम दिला. आता मधे एक श्वास आला. रेडिओवर १० सेकंदांत तो श्वास ऐकू येईल, होर्डिंगवर दोन ओळींच्या मधली मोकळी जागा म्हणून दिसेल. एक अक्षर काढणं म्हणजे काम नव्हे, असं तुला वाटत असेल, तर कॉपीरायटर दिवसभर काय करतात ते तू अजून बघितलं नाहीस. त्याने तुझी ओळ नुसती उचलली नाही, ती पुरी केली. तरी नाव घ्यायला हवं होतं, हे माझं म्हणणं कायम आहे.

जाहिरातीत ओळ कुणाची, हा वाद जुना आहे आणि तो सहसा सुटत नाही. पूर्वी अनेक एजन्सींत कॉपीरायटर मजकूर लिहून चित्रकाराकडे धाडून द्यायचा, आणि पुढचं चित्रकाराने बघायचं. बिल बर्नबाक यांनी १९४९ मध्ये भागीदारांबरोबर न्यूयॉर्कमध्ये एजन्सी काढली आणि या दोघांना जोडीने बसवून काम करायला लावलं. पुढे सगळ्या जगाने ती पद्धत उचलली. त्यातून कामं उत्तम झाली, पण ‘हे माझं’ म्हणायची सोय गेली. एकाने अर्धवट काही बोलायचं, दुसऱ्याने ते चुकीचं ऐकायचं, आणि त्या चुकीच्या ऐकण्यातूनच मथळा जन्माला यायचा. सांग, कुणाचा?

कायद्याकडेही बघून घे. एखाद्या वाक्याएवढ्या मजकुराला कॉपीराइट सहसा मिळत नाही. ट्रेडमार्क म्हणून नोंद झालीच, तर ती ब्रँडच्या नावावर होते, कॉपीरायटरच्या नाही. आणि इंटर्नशिपच्या पहिल्या दिवशी तू ज्या कागदांवर सह्या केल्यास, ते काढून वाच. तिथे केलेलं काम एजन्सीचं आणि क्लायंटची माहिती बाहेर सांगायची नाही, असं त्यात असण्याची दाट शक्यता आहे. म्हणून लिंक्डइनचं नाव काढू नकोस. जाहिरात अजून बाहेर आलेली नाही. तू ओळ जगजाहीर केलीस, तर त्या कॉपीरायटरचं फारसं बिघडणार नाही. बिघडेल क्लायंटचं, आणि मग एजन्सीत तुझ्या बाजूचं एकही माणूस उरणार नाही.

त्यापेक्षा त्याच्याकडे जा. सगळ्यांसमोर नको, तो एकटा असताना. तक्रार घेऊन नको, प्रश्न घेऊन जा: ‘माझ्या ओळीतला ‘की’ तुम्ही का काढलात, मला समजून घ्यायचंय.’ या एका वाक्यात त्याला तीन गोष्टी कळतील. ओळ माझी होती हे मला आठवतंय, बदल माझ्या लक्षात आलाय, आणि मला भांडायचं नाही, शिकायचंय. बहुतेक माणसं इथे ओशाळतात आणि मग भरभरून सांगतात. बोलणं रंगलं की विचारून टाक: ‘जाहिरात बाहेर आल्यावर माझ्या पोर्टफोलिओत ही टीमबरोबर केलेली ओळ म्हणून दाखवली तर चालेल ना?’ ‘टीमबरोबर’ हा शब्द गाळू नकोस, तो खराही आहे. तो हो म्हणाला, तर त्याच संध्याकाळी दोन ओळींची आभाराची मेल कर. तेवढीच नोंद राहते. ‘कुठली तुझी ओळ?’ असं तो म्हणाला, तर मात्र तुझ्या मेंटॉरला तारखेसकट सांग. एकदा कंजुषी, दुसऱ्यांदा सवय. सवय असलेल्या माणसाबरोबर ब्रेनस्टॉर्मिंगला बसताना आपली ओळ आधी मेलवर पाठवावी आणि मग तोंड उघडावं.

आता मला खरं जे बोलायचंय ते. तुझं मूळ पत्र चार पानांचं होतं, इथे छापलंय ते कापून. त्यातली साडेतीन पानं त्या ओळीवर होती. प्रतिक्रियांच्या एक्सेलवर मोजून सहा वाक्यं. पण पत्र जिवंत होतं ते त्या सहा वाक्यांत. लोक गादीबद्दल लिहायला बसतात आणि पाठदुखीबद्दल, नवऱ्याच्या घोरण्याबद्दल, रात्रपाळीबद्दल लिहून जातात, हे तू टिपलंस. ज्यांना गादी आवडली ते गादीबद्दल काही लिहीतच नाहीत, झोपेबद्दल लिहितात, हेही तूच लिहिलंस. अगं, लोक या कामाचे पगार घेतात! १९६८ च्या सुमाराला लंडनमध्ये स्टॅन्ली पॉलिट आणि स्टीफन किंग (कादंबरीकार नव्हे, जाहिरातवाले) यांनी दोन वेगवेगळ्या एजन्सींत नेमकं हेच काम उभं केलं. ग्राहक काय म्हणतो ते जाणणारं माणूस संशोधन विभागाच्या कोपऱ्यात न ठेवता जाहिरात घडते त्या टेबलाशी आणून बसवायचं. त्यालाच अकाउंट प्लॅनिंग म्हणतात. तुझ्या एजन्सीत कुणी प्लॅनर असेल, तर उरलेल्या दोन आठवड्यांतला एक दिवस त्याच्याजवळ बसायला माग. गादीचा क्रिएटिव्ह ब्रीफ दाखवा म्हण. बोलायचं कुणाशी, त्याला आज काय वाटतं, सांगायची एकच गोष्ट कोणती, आणि त्याने ती का मानावी, हे सगळं एका पानात कसं बसवलंय ते बघ. तुझे रकाने त्या पानात कुठे गेले, तेही शोध.

आणि रागावू नकोस, पण ‘पाठ टेकते’ हे शब्द तुझे तरी कुठे होते? ते त्या बाईचे. तू तिची ओळ फिरवून घेतलीस, कॉपीरायटरने तुझी. ब्रेनस्टॉर्मिंगमध्ये ‘हे मला एका प्रतिक्रियेत सापडलं’ असं तू म्हणाली होतीस का? पत्रात तरी तसं दिसत नाही. म्हणाली असतीस, तर खोली एवढी गप्प बसली नसती असं मला वाटतं. इंटर्नला सुचलेली ओळ कानावरून जाते. ४०० प्रतिक्रियांतून शोधून काढलेली ओळ ऐकायला लोक खुर्ची पुढे ओढतात.

कॉल रिपोर्टला तू नाक मुरडतेस, त्यावर माझीच एक फजिती सांगते. मी एका एजन्सीत ट्रेनी होते. मीटिंग संपली, मी वही मिटली, पेनाला टोपण लावलं. क्लायंट उठता उठता म्हणाले, ‘आणि हो, सवलतीची शेवटची तारीख एक आठवडा पुढे ढकलू या.’ सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. रिपोर्टमध्ये ते आलं नाही. रिपोर्टवर कुणी हरकत घेतली नाही, आणि हरकत नाही म्हणजे मान्य असा या धंद्यातला रिवाज. जाहिरात जुन्या तारखेची छापून आली. पुढचे कित्येक दिवस दोन्ही बाजू त्या एका कागदाच्या प्रती नाचवत होत्या, आणि त्यावर खाली नाव माझं. तेव्हापासून लोक लिफ्टमध्ये शिरेपर्यंत मी वही मिटत नाही. महत्त्वाचं बोलणं बऱ्याचदा खुर्च्या सरकल्यानंतरच होतं. तू ज्या कोपऱ्यात बसून लिहितेस ना, तिथून ओळ का मंजूर झाली, कुणाच्या चेहऱ्यावर शंका होती, लोगो मोठा करायचं आधी कोण बोललं, हे सगळं दिसतं. स्लाइड दाखवणाऱ्याला त्यातलं काही दिसत नाही.

नऊ वाजेपर्यंत बसण्याचं मात्र मला मुळीच कौतुक नाही. काम असेल तर बस. बाकीचे बसलेत म्हणून बसत असशील, तर संध्याकाळी मेंटॉरला ‘आज आणखी काही आहे का?’ विचार आणि नाही म्हणाला की पिशवी उचल. ठरलेलं विद्यावेतन वेळेवर मिळत नसेल, तर तोंडी न बोलता लेखी विचार. कॉलेजच्या अहवालात क्लायंटचं नाव आणि ती ओळ घालू नकोस, ‘एक गादीचा ब्रँड’ एवढं पुरे. प्रतिक्रियांची वर्गवारी कशी केलीस यावर मात्र सविस्तर लिही. तुझ्या परीक्षकाला टॅगलाइनपेक्षा त्यात जास्त रस वाटेल.

लायक आहेस का, याचं उत्तर मी देणार नाही. सहा आठवड्यांत कुणाचं ठरत नाही, आणि माझं तर सहा वर्षांतही ठरलं नव्हतं. पण दोन आठवडे राहिलेत, ते पुरे कर. सोडून गेलीस तर ‘की’ का काढला ते तुला कधीच कळणार नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ऐकायचंय.

आणि एक काम. एक्सेल उघड आणि त्या बाईची प्रतिक्रिया तू कुठल्या रकान्यात टाकली होतीस ते बघ. ‘आराम’मध्ये टाकली असशील, तर माझ्या मते तो रकाना चुकला. कोणता बरोबर वाटतो, ते पुढच्या पत्रात कळव.

– ताई